फलाट, सांधा आणि टोकन : पेट्री नेटमधून एक टर्मिनस

मशीद स्थानक सोडल्यानंतर हार्बरची लोकल छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या अलीकडे सिग्नलला उभी राहते, तेव्हा डब्यातल्या बहुतेकांना कारण ठाऊक असते : फलाट रिकामा नाही. उत्तर बरोबर आहे, पण अपुरे आहे. फलाट रिकामा नाही, कारण त्यावरची गाडी निघालेली नाही. ती निघालेली नाही, कारण बाहेरच्या सांध्यांवरून (गाडीला एका रुळावरून दुसऱ्या रुळावर नेणाऱ्या जोडांवरून) दुसरी गाडी आत येत आहे. आणि ती आत येत असेपर्यंत सिग्नलला उभ्या असलेल्या गाडीला काहीच करता येत नाही. थांबणे ही अशी एकट्या गाडीची गोष्ट कधीच नसते. कोण कोणासाठी थांबले आहे याची ती साखळी असते, आणि ही साखळी फिरून स्वतःलाच येऊन मिळाली, तर कोणीही चूक न करता सगळेच कायमचे थांबतात.

कारखान्यांच्या नियंत्रणाचे सॉफ्टवेअर तपासण्याच्या माझ्या कामात मला ही साखळी वेगवेगळ्या रूपांत सतत भेटते, आणि तिचा विचार करण्यासाठी पेट्री नेटइतके प्रामाणिक साधन मला दुसरे सापडलेले नाही. एखादी प्रणाली गुंतागुंतीची ठरते ती तिच्या भागांच्या संख्येमुळे फारशी नाही. भाग एकमेकांची वाट पाहतात आणि एकच वस्तू वाटून वापरतात, म्हणून ती गुंतागुंतीची होते. पेट्री नेटमध्ये हे वाट पाहणे आणि वाटून घेणे थेट चित्रात उतरते, आणि त्या चित्रावर गणित करता येते. या लेखात मी हार्बरच्या टर्मिनससारख्या, दोनच फलाट असलेल्या एका छोट्या टर्मिनसचे नेट बांधून शेवटपर्यंत सोडवणार आहे. हा प्रत्यक्ष स्थानकाच्या इंटरलॉकिंगचा, म्हणजे सांधे आणि सिग्नल एकमेकांशी बांधणाऱ्या यंत्रणेचा, आराखडा नाही, हे आधीच सांगितलेले बरे.

नियम अगदी थोडे आहेत. वर्तुळाने दाखवलेली स्थाने असतात आणि आयताने किंवा जाड रेषेने दाखवलेल्या घटना असतात. बाण स्थानाकडून घटनेकडे किंवा घटनेकडून स्थानाकडे जातो. स्थानाकडून स्थानाकडे किंवा घटनेकडून घटनेकडे कधीच जात नाही. स्थानांमध्ये टोकन असतात, आणि कोणत्या स्थानात किती टोकन आहेत ती मांडणी म्हणजे त्या क्षणीची अवस्था. ज्या स्थानांतून घटनेकडे बाण येतात त्या प्रत्येकात टोकन असेल, तरच ती घटना घडू शकते. घडली की त्या स्थानांतून एकेक टोकन जाते आणि ज्या स्थानांकडे तिचे बाण जातात तिथे एकेक टोकन येते. घटना फक्त आपल्या शेजारच्या स्थानांकडे पाहते. बाकीच्या नेटमध्ये काय चालले आहे, किती वाजले आहेत, याची तिला गरज नसते.

हा शेवटचा मुद्दाच कार्ल अ‍ॅडम पेट्री यांच्या विचाराचा गाभा होता. १९२६ साली लाइपझिगमध्ये जन्मलेल्या या जर्मन गणितज्ञाने १९६२ च्या आपल्या डॉक्टरेटच्या प्रबंधात असा प्रश्न घेतला होता की, संकेताचा वेग मर्यादित असताना, सगळ्या भागांना एकाच घड्याळाच्या ठोक्यावर नाचवणारे यंत्र हवे तितके वाढवता येईल का. येणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. यंत्र वाढेल तसा ठोका मंद करावा लागेल. म्हणून त्यांनी प्रत्येक घटना केवळ स्थानिक कारणांनी घडेल अशी मांडणी शोधली. रासायनिक प्रक्रिया लिहिण्यासाठी अशा आकृत्या आपण १९३९ साली, तेरा वर्षांचे असताना काढल्या होत्या, असेही त्यांनी पुढे सांगितले आहे. रसायनशास्त्रातली अभिक्रिया डोळ्यांपुढे आणली तर ते पटते : हायड्रोजनचे दोन आणि ऑक्सिजनचा एक रेणू एकत्र आले की पाण्याचे दोन रेणू तयार होतात, आणि त्यासाठी भांड्याच्या दुसऱ्या टोकाला विचारावे लागत नाही.

आता टर्मिनस. सहा स्थाने घेऊ. गाडीची चार स्थाने आहेत : ‘सिग्नलबाहेर’, ‘सांध्यावर, आत येताना’, ‘फलाटावर’ आणि ‘सांध्यावर, बाहेर जाताना’. उरलेली दोन स्थाने साधनांची : ‘मोकळा सांधा’, ज्यात सुरुवातीला एक टोकन आहे, आणि ‘मोकळा फलाट’, ज्यात दोन आहेत. घटना चार. ‘प्रवेश’ घडताना सिग्नलबाहेरची गाडी आणि मोकळा सांधा ही दोन टोकन जातात आणि गाडी सांध्यावर येते. ‘विराम’ घडताना सांध्यावरची गाडी आणि एक मोकळा फलाट जातो. गाडी फलाटाला लागते आणि सांधा मोकळा होतो. ‘प्रस्थान’ घडताना फलाटावरची गाडी मोकळा सांधा घेते, बाहेर जाऊ लागते आणि तिचा फलाट मोकळा होतो. ‘सुटका’ घडली की सांधा मोकळा होतो आणि गाडी पनवेलपर्यंत जाऊन पुन्हा केव्हातरी सिग्नलबाहेर येणार, म्हणून तिचे टोकन थेट पहिल्या स्थानात परत टाकू. एकूण गाड्या तीन धरू.

एकेक घटना वेगळी पाहिली तर यात खटकण्यासारखे काही नाही. सांधा मोकळा असेल तर गाडीने आत यावे, फलाट मोकळा असेल तर त्याला लागावे, सांधा मोकळा असेल तर निघावे; कोणतीही समंजस व्यक्ती हेच नियम लिहील. पण प्रवेश, विराम, प्रवेश, विराम आणि पुन्हा प्रवेश हा क्रम घडवून पाहा. दोन्ही फलाट भरलेले आहेत आणि तिसरी गाडी सांध्यावर आहे. तिला हवा आहे फलाट. फलाटावरच्या दोघींना हवा आहे सांधा. चारांपैकी एकही घटना घडू शकत नाही. याला ‘डेडलॉक’ म्हणतात. गाड्या दोनच असत्या, तर हे कधीच झाले नसते, हे इथे फार महत्त्वाचे आहे. दुपारच्या विरळ वाहतुकीत हे नियम वर्षानुवर्षे निर्दोष वाटतील, आणि दोष उघड होईल तो नेमका गर्दीच्या वेळी. नमुना चालवून, चाचण्या घेऊन प्रणाली बरोबर आहे असे मानणाऱ्यांशी माझा वाद याच जागी असतो : चाचणी आपण घडवलेल्या क्रमाबद्दल सांगते, न घडवलेल्या क्रमाबद्दल काहीच सांगत नाही.

मग सगळे क्रम तपासायचे कसे? या नेटपुरते सोपे आहे. सुरुवातीपासून पोहोचता येण्यासारख्या अवस्था एकूण आठच आहेत, आणि त्यांतली एक मृत आहे. पण ही मोजणी लवकरच हाताबाहेर जाते. एकमेकांशी संबंध नसलेले, प्रत्येकी दोन स्थिती असलेले वीस भाग घेतले, तर नेटमध्ये चाळीस स्थाने लागतात, आणि अवस्था होतात १०,४८,५७६. म्हणून नेटच्या अभ्यासकांनी अवस्था न मोजता, नेटच्या रचनेवरूनच निष्कर्ष काढण्याचे मार्ग शोधले, आणि मला या विषयात सर्वांत सुंदर वाटणारा भाग तोच आहे.

पहिला मार्ग अचल बेरजांचा. प्रत्येक घटनेने प्रत्येक स्थानातल्या टोकनांमध्ये किती भर किंवा घट होते, हे एका सारणीत लिहिले की काही स्थानांची बेरीज कोणत्याही घटनेने बदलत नाही असे दिसते. आपल्या नेटमध्ये अशा तीन बेरजा आहेत. गाडीच्या चार स्थानांतल्या टोकनांची बेरीज नेहमी तीन. ‘मोकळा सांधा’ आणि सांध्यावरची दोन स्थाने यांची बेरीज नेहमी एक, म्हणजे सांध्यावर दोन गाड्या एकाच वेळी येणे अशक्य. ‘मोकळा फलाट’ आणि ‘फलाटावर’ यांची बेरीज नेहमी दोन, म्हणजे दोन फलाटांवर दोनपेक्षा जास्त गाड्या असणे अशक्य. सुरक्षिततेचे हे दोन दावे आपण एकही क्रम न चालवता सिद्ध केले, आणि ते गाड्या तीन असोत वा तीस, तसेच राहतात.

या मार्गाची मर्यादाही याच छोट्या नेटमध्ये दिसते, आणि ती दिसावी असे मला वाटते. तिन्ही बेरजा पाळणाऱ्या अवस्था लिहून काढल्या तर त्या नऊ भरतात, आठ नाही. नववी अवस्था अशी : दोन्ही फलाटांवर गाड्या आहेत आणि तिसरी सांध्यावर, बाहेर जाताना. बेरजांना ती मान्य आहे. घटनांची निव्वळ संख्या मांडणारे समीकरणसुद्धा तिला मान्यता देते : तीन प्रवेश, तीन विराम, एक प्रस्थान. पण बाहेर जाणाऱ्या गाडीने सांधा अडवला असताना तिचा रिकामा झालेला फलाट दुसरी गाडी भरू शकत नाही, म्हणून तिथे प्रत्यक्षात पोहोचता येत नाही. समीकरणाला घटना किती वेळा घडल्या हे कळते, त्या कोणत्या क्रमाने घडल्या हे कळत नाही. त्यामुळे ‘ही वाईट अवस्था समीकरणात बसत नाही’ हे उत्तर निर्णायक असते, तर ‘बसते’ हे उत्तर फक्त पुढे तपासण्याची सूचना असते.

दुसरा मार्ग ‘सायफन’चा. स्थानांचा असा गट शोधायचा की त्या गटात टोकन टाकणारी प्रत्येक घटना त्याच गटातून किमान एक टोकन घेतेच. असा गट एकदा पूर्ण रिकामा झाला की तो पुन्हा कधीही भरू शकत नाही, कारण भरणाऱ्या प्रत्येक घटनेला आधी त्यातलेच टोकन हवे असते. आपल्या नेटमध्ये ‘मोकळा सांधा’, ‘मोकळा फलाट’ आणि ‘सांध्यावर, बाहेर जाताना’ ही तीन स्थाने मिळून असा गट होतो. पडताळून पाहा : सांधा मोकळा करणारा विराम मोकळा फलाट मागतो, सांधा मोकळा करणारी सुटका बाहेर जाणारी गाडी मागते, आणि फलाट मोकळा करणारे प्रस्थान मोकळा सांधा मागते. सुरुवातीला या गटात तीन टोकन असतात. वरच्या बेरजा वापरल्या की गटात कधीही किती टोकन आहेत हेही कळते : तीन वजा, आत येणाऱ्या आणि फलाटावर असलेल्या गाड्यांची संख्या. म्हणजे गट रिकामा होतो तो नेमका आत येणाऱ्या व फलाटावरच्या मिळून तीन गाड्या झाल्या की, आणि आपला डेडलॉक तोच आहे.

इथे निदानातूनच उपाय हाती येतो. आत येणाऱ्या आणि फलाटावरच्या गाड्या मिळून दोनपेक्षा जास्त होऊ द्यायच्या नाहीत. त्यासाठी ‘आरक्षण’ नावाचे एक नवे स्थान घालायचे, त्यात दोन टोकन ठेवायचे. प्रवेशाने त्यातले एक घ्यायचे आणि प्रस्थानाने परत करायचे. रेल्वेच्या भाषेत याचा अर्थ असा की, गाडीला आत घेण्यापूर्वीच तिचा फलाट ठरलेला आणि मोकळा असला पाहिजे. रूट इंटरलॉकिंग हेच करते : फलाटापर्यंतचा पूर्ण मार्ग मोकळा असल्याशिवाय होम सिग्नल, म्हणजे स्थानकात शिरण्याचा सिग्नल, गाडीला फलाटावर येण्याची परवानगी देत नाही. सिग्नल अभियंत्यांनी अनुभवातून आणि अपघातांतून कमावलेले शहाणपण आणि सायफनचे गणित एकाच जागी येऊन पोहोचते, याचा मला मनापासून आनंद होतो.

आता सिद्धता. सांध्यावर बाहेर जाणारी गाडी असेल, तर सुटका घडू शकते. ती नसेल आणि आत येणारी गाडी असेल, तर फलाटावर जास्तीत जास्त एकच गाडी आहे, म्हणजे एक फलाट मोकळा आहे आणि विराम घडू शकतो. सांध्यावर कोणीच नसेल, तर सांधा मोकळा आहे. फलाटावर गाडी असेल तर प्रस्थान घडू शकते, आणि फलाटही रिकामे असतील तर दोन्ही आरक्षणे उपलब्ध आहेत, म्हणून सिग्नलबाहेरची गाडी प्रवेश करू शकते. शक्यता संपल्या. गाड्या कितीही असोत, हे टर्मिनस कधीच गोठणार नाही.

हीच पद्धत मोठ्या प्रणालींनाही लावली जाते. स्वयंचलित कारखान्यांतल्या यंत्रमानव, पट्टे आणि यंत्रे यांच्यातल्या डेडलॉकवर पेट्री नेटच्या आधारे काम करणाऱ्या सुरुवातीच्या महत्त्वाच्या शोधनिबंधांपैकी एक १९९० साली प्रसिद्ध झाला, आणि त्याच्या लेखकांमध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले एन. विश्वनाधम आणि वाय. नरहरी होते. सायफन शोधून प्रत्येकाला एक नियंत्रक स्थान जोडण्याची पद्धत स्पेनमधल्या एझपेलेटा, कोलोम आणि मार्टिनेझ यांनी १९९५ साली व्यवस्थित मांडली. आपण वर केले ते तिचेच लहान रूप आहे. मोठ्या नेटमध्ये सायफनांची संख्याच बेसुमार वाढते, म्हणून कोणते सायफन आधी धरायचे यावर नंतर पुष्कळ काम झाले.

सर्वसाधारण प्रश्न किती कठीण आहे, हेही सांगायला हवे. टोकनांना मर्यादा नसलेल्या नेटमध्ये दिलेल्या अवस्थेपर्यंत पोहोचता येते का, या प्रश्नाला नेहमी उत्तर देणारी पद्धत १९८१ साली एर्न्स्ट मायर यांनी दिली आणि १९८२ मध्ये भारतीय वंशाचे एस. राव कोसराजू यांनी तिची मांडणी सोपी केली. त्या आधीच, १९७६ साली, रिचर्ड लिप्टन यांनी दाखवले होते की या प्रश्नाला किमान घातांकी प्रमाणात वाढणारी संगणकाची स्मृती लागते. खरी कठीणता त्याहून कितीतरी मोठी आहे, हे २०२१ मध्ये दोन स्वतंत्र शोधनिबंधांनी सिद्ध केले : अकरमानच्या फलनाइतक्या, म्हणजे घातांकांच्या मनोऱ्यांनाही मागे टाकणाऱ्या, वेगाने वाढणारी. साठ वर्षांपूर्वीच्या, शाळकरी मुलाला समजेल अशा नियमांमधून एवढा कठीण प्रश्न निघावा, याचे मला अजूनही नवल वाटते.

एक व्यावहारिक सूचना इथेच करतो. ‘अमुक स्थान रिकामे असेल तरच’ अशी अट घालण्यासाठी निषेधक बाण नावाची सोय आहे. ती मोहक आहे, पण मर्यादा नसलेल्या स्थानांवर असे दोनच बाण वापरले तरी नेटला सर्वसाधारण संगणकाची ताकद येते, आणि मग पोहोचण्याच्या प्रश्नाला नेहमी उत्तर देणारी पद्धत उरतच नाही. ज्या स्थानाला कमाल मर्यादा आहे त्याच्यासाठी पूरक स्थान ठेवावे. आपला ‘मोकळा फलाट’ हे ‘फलाटावर’चे पूरक स्थानच आहे, आणि त्यात दोन्ही टोकन असणे म्हणजे फलाट पूर्ण रिकामे असणे.

आतापर्यंतच्या नेटमध्ये वेळ नाही, आणि प्रवाशाचा प्रश्न तर वेळेचाच आहे. १९७४ च्या सुमारास रामचंदानी आणि मर्लिन यांनी आपापल्या प्रबंधांत नेटला वेळ जोडण्याचे दोन वेगळे मार्ग दाखवले. आपण सोपा हिशेब करू, आणि त्यासाठी एक बाण हलवू : गाडी पूर्ण बाहेर पडेपर्यंत फलाट अडलेलाच असतो, म्हणून फलाटाचे आणि आरक्षणाचे टोकन प्रस्थानाऐवजी सुटकेने परत करायचे. वरची सिद्धता तशीच टिकते. आता आत यायला दोन मिनिटे, बाहेर पडायला दोन मिनिटे आणि मोटरमन व गार्ड यांनी टोके बदलून प्रवासी चढेपर्यंत फलाटावर चार मिनिटे धरू. हे आकडे केवळ हिशेबापुरते आहेत. प्रत्येक गाडी सांधा चार मिनिटे वापरते, म्हणून तासाला पंधरापेक्षा जास्त गाड्या शक्य नाहीत. प्रत्येक गाडी फलाट आठ मिनिटे वापरते, फलाट दोन आहेत, म्हणून तीही मर्यादा पंधराच. फक्त एक फलाट वाढवला, तर सांधा पंधरावरच अडवतो.

प्रत्यक्षात दोन रुळांमध्ये कात्रीसारखा दुहेरी सांधा असू शकतो, आणि तिथे ‘मोकळा सांधा’ हे एकच टोकन ठेवणे अन्यायाचे ठरते. त्याचे दोन भाग करू : येणाऱ्या रुळाची बाजू आणि जाणाऱ्या रुळाची बाजू. येणाऱ्या रुळासमोरच्या फलाटावर सरळ येणाऱ्या गाडीला फक्त पहिला भाग लागतो, जाणाऱ्या रुळासमोरच्या फलाटावरून सरळ निघणाऱ्या गाडीला फक्त दुसरा. तिरप्या हालचालींना दोन्ही भाग एकाच घटनेत घ्यावे लागतात. आधी एक आणि मग दुसरा असे घेऊ दिले, तर थांबण्याची साखळी पुन्हा तयार होण्याची वाट आपणच मोकळी करतो. दोन्ही फलाट आळीपाळीने वापरले तर दर दोन गाड्यांमागे प्रत्येक भाग तीन हालचालींत, म्हणजे सहा मिनिटे, गुंततो, आणि सांध्याची मर्यादा तासाला वीस गाड्यांवर जाते. पण फलाटांची मर्यादा अजून पंधराच आहे. ती वीसवर न्यायची, तर गाडी फलाटावर चारऐवजी दोन मिनिटांत तयार झाली पाहिजे किंवा तिसरा फलाट बांधला पाहिजे. तिसरा फलाट आला की सांध्याची रचना बदलते, आणि कोणती हालचाल कोणत्या भागांना अडवते याचे बाण नव्याने काढून हिशेब पुन्हा मांडावा लागतो.